गॅमा वाढवला की गळती कमी होते: कोडमधला बग की खरा झेनो इफेक्ट?

हा प्रश्न दर सेमिस्टरला कुणी ना कुणी घेऊन येतंच, एमएस्सीच्या प्रोजेक्टवाले असतात, पीएचडीला नवीन लागलेले असतात, आणि लक्षणं प्रत्येकाची तीच असतात, म्हणून एकदा नीट सगळं लिहून ठेवतोय.

अतिशीत अणूंचा ढग घेतलाय, बहुतेक वेळा रुबिडियम-८७ चं कंडेन्सेट (इतका थंड ढग की जवळपास सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत असतात), आणि त्याच्या मधोमध एका छोट्या जागी अणू गळतायत असं कोडमध्ये टाकलंय. गळतीचा दर म्हणजे गॅमा. तो हळूहळू वाढवत नेला आणि प्रत्येक वेळी एकूण किती अणू गेले त्याचा ग्राफ काढला. सुरुवातीला गॅमा वाढला की गळतीपण वाढते, ते कुणालाही पटतं, मग एका ठिकाणी ग्राफ माथ्यावर पोचतो आणि त्याच्यापुढे गॅमा जितका वाढवाल तितके अणू कमी जायला लागतात. यावर दोन प्रकारचे मेसेज येतात. एक, "दादा कोडमध्ये बग आहे, सापडतच नाहीये". दुसरा, "दादा झेनो इफेक्ट मिळाला, रिपोर्ट लिहायला घेऊ का?" दोन्ही घाईचे आहेत, कारण हा ग्राफ खऱ्या फिजिक्समुळेही असाच येतो आणि चुकीच्या टाइम स्टेपमुळेही जवळपास असाच येतो, आणि नुसत्या एका ग्राफकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही की तुमचा कुठला.

आधी खरी गोष्ट. जर्मनीत कायझर्सलाउटर्नला हर्विग ओट यांचा ग्रुप आहे, त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसारखा बारीक बीम थेट रुबिडियमच्या ढगावर सोडला. २००८ मध्ये त्यांनी त्याच बीमने ढगाचं चित्र काढून दाखवलं, १५० नॅनोमीटरपेक्षा बारीक रिझोल्यूशनने, आणि मग २०१३ मध्ये तो बीम कंडेन्सेटच्या मध्यावर रोखून गळती मोजली. बीमचा जोर वाढवत नेला तशी गळती आधी वाढली आणि मग कमी झाली. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर जे दिसतंय ते निसर्गात होतं, यात शंका नाही. मुळात झेनो इफेक्टची कल्पना १९७७ ची, मिश्रा आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांची, की सिस्टमकडे सारखं सारखं बघत राहिलं तर तिच्यातला बदलच थांबतो. इथे "बघणं" म्हणजे त्या जागी आलेल्या अणूला उचलून बाहेर टाकणं. गळतीच्या जागेत शिरायला अणूला शेजारून टनेल करून (मधला अडथळा क्वांटम पद्धतीने पार करून) यावं लागतं, आणि गॅमा टनेलिंगच्या मानाने खूप मोठा झाला की त्या जागेची एनर्जी लेव्हल इतकी रुंद पसरते की शेजारच्या लेव्हलशी तिचं जमतच नाही, मग अणू आत न जाता उंबऱ्यावरूनच परत फिरतो. आत कुणी आलंच नाही तर गळणार कोण?

आता तुमचा ग्राफ खरा की खोटा ते ठरवायचं. मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने सांगतो, कारण पहिल्या दोनतीन गोष्टींतच निम्म्याहून जास्त केस सुटतात.

गॅमा म्हणजे नक्की कुठला गॅमा

कोडमध्ये काल्पनिक पोटेन्शियल (गळती दाखवणारी टर्म) टाकताना उणे आय गुणिले गॅमा भागिले २ टाकलंय की नुसतं उणे आय गॅमा? पहिल्यात घनता गॅमा दराने कमी होते, दुसऱ्यात दुप्पट दराने. हा २ चा फरक इतका साधा आहे की कुणी तपासत नाही आणि मग माथा पेपरपेक्षा अर्ध्या किंवा दुप्पट गॅमावर येतो आणि लोक दोन दिवस ग्रिड बदलत बसतात. तपासायला सोपं: टनेलिंग बंद करा, कायनेटिक टर्म काढून टाका, एकाच जागी अणू ठेवा आणि संख्या एक्स्पोनेन्शियलने कुठल्या दराने पडते ते बघा. जो दर येईल तोच तुमचा खरा गॅमा, इथून पुढे तोच वापरा.

सोबत अजून एक तपासून घ्या, संख्येचा हिशोब. प्रत्येक स्टेपला ढगातून जितके अणू कमी झाले ते आणि गॅमा गुणिले तिथली घनता गुणिले टाइम स्टेप याची बेरीज, हे दोन्ही जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर बाकी काही बघूच नका, आधी ते दुरुस्त करा. बहुतेक वेळा कारण एकच निघतं, ग्राउंड स्टेट (सुरुवातीची, सगळ्यात कमी एनर्जीची अवस्था) काढताना जी नॉर्मलाइज करायची ओळ असते ती रिअल टाइमच्या लूपमध्येपण राहिलेली असते, म्हणजे इकडे गळती काढून घेते आणि तिकडे कोड परत १०० टक्के करून देतो. ग्राउंड स्टेट काढताना गळती पूर्ण बंद, नॉर्मलाइज चालू, आणि रिअल टाइममध्ये बरोबर उलटं. अणू कमी झाले की इंटरॅक्शन टर्मपण आपोआप कमी झाली पाहिजे, तिथे सुरुवातीचा एन (अणूंची संख्या) पक्का बसवून ठेवला नाहीये ना तेही बघा.

दोन साइटची टेस्ट

आता ढग, ट्रॅप, इंटरॅक्शन सगळं बाजूला ठेवा. फक्त दोन साइट (अणू बसायच्या जागा) घ्या, मध्ये टनेलिंगचा जोर जे, दुसऱ्या साइटवर गळती गॅमा, सगळे अणू पहिल्या साइटवर, एचबार (प्लँक स्थिरांक भागिले २ पाय) १. याचं उत्तर कागदावर निघतं. गॅमा ४ जे पेक्षा लहान असेल तर अणू दोन साइटमध्ये ये-जा करत करत गळतात. बरोबर ४ जे ला स्वभाव बदलतो, आणि त्याच्यापुढे ये-जा बंद होऊन पहिली साइट संथपणे रिकामी होते. गॅमा खूप मोठा असेल तर त्या संथ गळतीचा दर येतो ४ × जे वर्ग ÷ गॅमा. गॅमा खाली आहे, म्हणजे गॅमा दुप्पट केला की गळती निम्मी.

जे १ धरला तर गॅमा २० ला नेमका दर येतो ०.२०२ आणि वरचा शॉर्टकट देतो ०.२. गॅमा ४० ला नेमका ०.१००३, शॉर्टकट ०.१. तुमच्या कोडने हे आकडे दिले पाहिजेत. दिले नाहीत तर मोठ्या सिम्युलेशनमधला झेनो विसरून जा, अजून तिथे पोचायचंय.

टाइम स्टेप, इथेच खरी गोम आहे

हा भाग जरा लांब होणार आहे, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि पुस्तकांत हे कुणी असं समोरासमोर मांडून दाखवत नाही.

समजा टाइम स्टेप डीटी ०.०१ आहे (जे १ च्या युनिटमध्ये) आणि तुम्ही स्प्लिट-स्टेप पद्धत वापरताय, म्हणजे थोडा वेळ टनेलिंग, मग थोडा वेळ गळती, परत टनेलिंग, असं आळीपाळीने. गळतीचा तुकडा एक्स्पोनेन्शियलने अगदी अचूक केलाय, उणे गॅमा डीटी भागिले २ चा एक्स्पोनेन्शियल. वाटतं की यात चूक असूच शकत नाही. पण गॅमा १००० करा. खरं उत्तर ०.००४ यायला हवं आणि तुमचा कोड देईल ०.०१ च्या थोडं वर, म्हणजे अडीचपट. गॅमा ५००० करा, खरं उत्तर ०.०००८, कोड परत ०.०१. कारण गॅमा डीटी मोठा झाला की प्रत्येक स्टेपच्या शेवटी ती साइट पूर्ण पुसली जाते, मग पुढच्या डीटी वेळात शेजारून जे × डीटी एवढा अँप्लिट्यूड येतो, त्याचा वर्ग करून डीटीने भागलं की गळतीचा दर झाला जे वर्ग × डीटी. यात गॅमा कुठेच नाही! तुमची टाइम स्टेपच त्या सिस्टमकडे डीटी अंतराने बघत बसलीये. म्हणजे जो झेनो दिसतोय तो मिश्रा-सुदर्शन पद्धतीचा झेनोच आहे, फक्त तो तुमच्या घड्याळाचा आहे, अणूंचा नाही.

ओळखायचं कसं: ग्राफ लॉग-लॉगवर काढा. खरा असेल तर माथ्याच्या पलीकडची शेपटी सरळ रेषेत उतरते, उतार उणे १. ही चूक असेल तर शेपटी एका पातळीवर आडवी पडते. मग डीटी निम्मा करून परत चालवा. आडवी पातळीपण निम्मी झाली तर प्रश्न संपला, ती डीटीची करामत होती.

आता उलटा प्रकार. गळतीचा तुकडा साध्या ऑयलर पद्धतीने केलाय, म्हणजे प्रत्येक स्टेपला १ वजा गॅमा डीटी भागिले २ ने गुणलंय. इथे हिशोब केला तर गळतीचा दर येतो ४ × जे वर्ग ÷ गॅमा, त्यातून जे वर्ग × डीटी वजा. म्हणजे शेपटी खऱ्यापेक्षा जास्त वेगाने पडते. डीटी ०.०१ आणि गॅमा २०० ला खरं उत्तर ०.०२, ऑयलर देतो ०.०१, म्हणजे निम्मंच, तर एक्स्पोनेन्शियलवाला त्याच ठिकाणी ०.०२१६ देतो. गॅमा ४०० ला ऑयलरमध्ये गळती चक्क शून्य होते आणि त्याच्यापुढे कोड फुटतो, आकडे वाढत वाढत अनंताकडे जातात. फुटला तर निदान कळतं तरी. पण ज्यांनी गॅमा ३५० ला थांबवला त्यांना अतिशय सुंदर आणि जबरदस्त झेनो दिसतो, आणि तो खोटा असतो. म्हणून ग्राफ जितका जास्त देखणा तितकी शेपटीच्या उताराची तपासणी जास्त कडक करा.

क्रँक-निकोल्सन ही स्टेप पुढे नेण्याची आणखी एक पद्धत, ती वापरणाऱ्यांसाठी वेगळं. या पद्धतीत शेपटीचा दर बरोबर येतो, ते बघून मला स्वतःला छान वाटलं होतं. पण गॅमा डीटी ४ च्या वर गेला की गळतीच्या जागी सुरुवातीला जे अणू होते त्यांचं वेव्ह फंक्शन झटकन शून्य न होता प्रत्येक स्टेपला चिन्ह बदलत उड्या मारत राहतं. संख्या हळूहळू पडते, फेजचा ग्राफ काढला तर शून्य, पाय, शून्य, पाय असं दिसतं. कंडेन्सेटमध्ये बीमच्या खाली सुरुवातीला भरपूर अणू असतात, त्यामुळे गॅमा फार ताणला तर सुरुवातीच्या वेळातली गळती तुम्ही कमी मोजाल. आणि आरके-४ (रुंगे-कुटा पद्धत) असेल तर गॅमा डीटी साधारण ५.५ च्या पुढे गेला की फुटतोच. ॲडॅप्टिव्ह सॉल्व्हर असेल तर तो फुटत नाही पण स्टेप इतकी बारीक करतो की रात्रभर चालवून सकाळी ३ टक्के झालेलं असतं. तेव्हा कोड "अडकलाय" म्हणून बंद करू नका, तो बिचारा बरोबरच वागतोय.

माझा साधा नियम आहे, सगळ्यात मोठ्या गॅमाला गॅमा × डीटी १ च्या खाली ठेवायचा, आणि शेवटचा ग्राफ कुणालाही दाखवण्याआधी निम्म्या डीटीने एकदा तरी परत काढायचा.

किती गेले ते नका बघू, उरलेले कुठे आहेत ते बघा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि हीच लोक करत नाहीत.

एक लांब लॅटिस (ओळीने लावलेल्या साइट) घ्या, मध्ये एकाच साइटवर गळती, डावीकडून एक वेव्ह पॅकेट सोडा. इंटरॅक्शन बंद. पॅकेटचा वेग व्ही असेल तर सगळं एकाच आकड्यावर ठरतं, एक्स = गॅमा ÷ (२ व्ही). पलीकडे जाणारा भाग १ ÷ (१ + एक्स) चा वर्ग. परत फिरणारा भाग एक्स वर्ग ÷ (१ + एक्स) चा वर्ग. आणि गळणारा भाग २ एक्स ÷ (१ + एक्स) चा वर्ग. एक्स १ असताना गळती सगळ्यात जास्त, पण तेव्हाही निम्मेच अणू गळतात, पाव पलीकडे जातात, पाव परत येतात. एका बिंदूएवढ्या गळतीने एका बाजूने आलेल्या लाटेतले निम्म्यापेक्षा जास्त अणू कधीच नेता येत नाहीत, कितीही जोर लावा. तुमच्या कोडमध्ये ५० टक्क्यांच्या वर गळती दिसली तर काहीतरी नक्की चुकलंय, एकतर गळती एका साइटपेक्षा जास्त जागी पसरलीये किंवा पॅकेट बाउंड्रीवरून परत येऊन दुसऱ्यांदा गळतंय.

आता मजा बघा. एक्स च्या जागी १ ÷ एक्स टाकलं तरी गळतीचं उत्तर तेच. पॅकेटचा मोमेंटम पाय भागिले २ घेतला, तिथे वेग सगळ्यात जास्त म्हणजे २ जे असतो आणि पॅकेट फारसं पसरतही नाही, तर माथा येतो गॅमा ४ जे ला. गॅमा ०.४ जे ला गळती १६.५ टक्के आणि गॅमा ४० जे ला पण १६.५ टक्के. आकडा एकच. पण पहिल्यात ८२.६ टक्के अणू पलीकडे गेलेत आणि १ टक्कासुद्धा परत आलेला नाही, तर दुसऱ्यात ८२.६ टक्के परत फिरलेत आणि पलीकडे १ टक्काही पोचलेला नाही. एकूण गळती बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसणार, घनतेचा नकाशा बघणाऱ्याला दोन वेगळी जगं दिसणार. म्हणून गळती कमी झालीये असं म्हणताना सोबत परत फिरलेले अणू दाखवा. ते दाखवता आले नाहीत तर तो झेनो नाही, गळती नुसती कमी पडतेय, आणि कारण कोडमध्ये कुठेतरी आहे.

हेच कंडेन्सेटमध्येपण लागू पडतं. बीमच्या जागी घनतेत खड्डा पडलाय का, तो किती रुंद आहे, आणि खड्ड्याच्या कडेला घनता किती वेगाने वर येते, हे बघा. खऱ्या झेनोत खड्डा खोल पण अरुंद असतो आणि कड हीलिंग लेंथच्या (घनता खड्ड्यातून परत नेहमीच्या पातळीवर यायला जेवढं अंतर लागतं त्याच्या) मापाची असते.

ग्रिड आणि बीमची रुंदी

रुबिडियमच्या कंडेन्सेटमध्ये एका घन सेंटीमीटरला साधारण १० चा १४ वा घात इतके अणू असतील तर हीलिंग लेंथ ०.२७ मायक्रोमीटरच्या आसपास येते, ध्वनीचा वेग सेकंदाला १.९ मिलिमीटर, आणि केमिकल पोटेन्शियल (ढगात एक अणू वाढवायला लागणारी एनर्जी) ७८० हर्ट्झच्या घरात. इलेक्ट्रॉन बीमची रुंदी म्हणजे निम्म्या उंचीवरची रुंदी १२० नॅनोमीटर धरली तर गॉसियनचा सिग्मा ५१ नॅनोमीटर. आता तुमच्या ग्रिडमधलं अंतर २०० नॅनोमीटर असेल तर सगळा बीम दोन ग्रिड पॉइंटच्या मध्ये हरवू शकतो, किंवा नेमका एका पॉइंटवर बसला तर कोड त्याला २०० नॅनोमीटर रुंद समजतो. बीमची जागा अर्ध्या ग्रिडने सरकवून बघा, उत्तर बदललं तर ग्रिड जाड आहे. बेरीज करूनपण बघता येतं, सगळ्या पॉइंटवरच्या गॅमाची बेरीज गुणिले अंतर, हे माथ्यावरचा गॅमा × सिग्मा × २.५०७ इतकं आलं पाहिजे. या बीमला अंतर २५ नॅनोमीटर ठेवा, १डी मध्ये ते काही जड नाही.

उलटी तक्रारपण बरेचदा असते, "सगळं बरोबर आहे, गॅमा हजारपट केला, तरी गळती कमीच होत नाहीये". इथे बीम बघा. बीम रुंद आणि मऊ कडांचा असेल, समजा सिग्मा ३ मायक्रोमीटर, तर अणू मधल्या जोरदार भागापर्यंत पोचतच नाहीत, बाहेरच्या पातळ कडेवर हळूहळू शोषले जातात. आपण ग्रिडच्या टोकाला लाट परत येऊ नये म्हणून जी शोषणारी बाउंड्री लावतो ती याच तत्त्वावर चालते, हळू वाढणारी गळती लाट परत पाठवत नाही. परत फिरवायला कड तीक्ष्ण लागते, हीलिंग लेंथच्या तुलनेत. त्यामुळे रुंद बीमने झेनो शोधताय तर तो न दिसणं हेच बरोबर उत्तर आहे. शिवाय गॅमाची तुलना कशाशी करताय? वरच्या घनतेला केमिकल पोटेन्शियल भागिले एचबार म्हणजे सेकंदाला सुमारे ४९००. गॅमा सेकंदाला ५०० असेल तर तुम्ही अजून माथ्याच्या अलीकडेच आहात.

किती वेळ चालवलं

एकूण गळती शेवटच्या वेळेला मोजू नका, उतार मोजा. गॅमा मोठा असला की सुरुवातीला बीमखालचे अणू एकदम जातात, मग एक संथ आणि जवळपास स्थिर दर लागतो. झेनोचा संबंध त्या संथ दराशी. दोन्ही एकत्र करून एकच आकडा काढला तर माथा सरकतो, आणि ढग छोटा असेल तर मध्यम गॅमाला अणूच संपत येतात आणि ग्राफ विनाकारण चपटा होतो. आणि बीममुळे उठलेली लाट भिंतीपर्यंत जाऊन परत येईपर्यंतचाच काळ विश्वासाचा. मध्यापासून भिंत २५ मायक्रोमीटरवर असेल तर जाऊन येऊन ५० मायक्रोमीटर, म्हणजे वरच्या वेगाने २६ मिलिसेकंद. एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म) वापरणाऱ्यांकडे भिंतच नसते, लाट एका टोकाने बाहेर जाऊन दुसऱ्या टोकाने आत येते, पण वेळ तेवढाच.

लॅबमध्ये मोजताय तर

पुण्यात आयसरला, मुंबईत टीआयएफआरला अतिशीत अणूंवर काम चालतं, त्यामुळे कोडवाल्यांइतके नाही पण प्रयोगवालेपण हाच प्रश्न घेऊन येतात. तिथे डीटी नसतो, पण खोटा झेनो दाखवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात.

गळतीसाठी फोकस केलेला लेझर वापरत असाल तर पहिला संशय लाइट शिफ्टवर (लेझरमुळे अणूची एनर्जी सरकण्यावर) घ्या. रेझोनन्सपासून (अणूच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीपासून) थोडंही बाजूला असाल तर तो लेझर गळतीसोबत एक खरं पोटेन्शियलपण तयार करतो, आणि ते पोटेन्शियल अणूंना ढकलून लावतं. अणू आत आले नाहीत म्हणून गळती कमी, दिसायला हुबेहूब झेनो. यावर एक फार छान तपासणी आहे: डिट्यूनिंगचं (लेझर रेझोनन्सपासून किती बाजूला आहे त्याचं) चिन्ह उलटं करा, तेवढंच पण रेझोनन्सच्या दुसऱ्या बाजूला. गळतीचा दर तोच राहतो पण पोटेन्शियल उलटं होतं, ढकलणारं ओढणारं होतं. दोन्ही बाजूंना गळती सारखीच कमी झाली तर झेनोच्या बाजूने बोलता येईल. एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त, तर ते पोटेन्शियलचं काम. झ्युरिकच्या ईटीएचमध्ये टिलमन एसलिंगर यांच्या ग्रुपने लिथियम-६ च्या बारीक चॅनेलमध्ये अशीच स्थानिक गळती लावून करंट मोजलाय, ज्यांना कंडक्टन्सच्या बाजूने विचार करायचाय त्यांनी ते काम जरूर वाचावं.

दुसरी गोष्ट सॅच्युरेशन. रुबिडियमच्या ७८० नॅनोमीटरच्या लाइनची रुंदी ६ मेगाहर्ट्झच्या आसपास, पॉवर कितीही वाढवली तरी अणू ठराविक दरापेक्षा जास्त फोटॉन उधळत नाही. नॉबवर पॉवर दहापट झाली म्हणून गॅमा दहापट झाला असं धरून चालू नका, आडव्या अक्षावर पॉवर नाही, मोजलेला गॅमा टाका. तो मोजायला पातळ, थर्मल (कंडेन्सेट न झालेला) ढग घ्या, जिथे परत भरण्याचा प्रश्न येत नाही.

आयन मोजत असाल तर डिटेक्टरचा डेड टाइम (एक काउंट घेतल्यावर पुढचा घेता येत नाही तो काळ) बघा. काउंट रेट वाढला की डिटेक्टर मागे पडतो आणि काही प्रकारांत तर वाढत्या रेटला काउंट चक्क कमी होतात. बीमने घालवलेला प्रत्येक अणू आयन होऊन डिटेक्टरवर येतही नाही, त्यामुळे आयनच्या काउंटसोबत उरलेल्या ढगाची ॲब्सॉर्प्शन इमेज हवीच. आणि बीम ढगाच्या बाजूला पार्क करून, तेवढाच वेळ, तेवढ्याच जोराने चालवलेला एक सेट घ्या, म्हणजे बॅकग्राउंड किती ते कळतं. थ्री-बॉडी लॉस (तीन अणू एकत्र आपटून होणारी गळती) १० चा १४ वा घात या घनतेला संथ असतो, आयुष्य १० सेकंदांच्या वर, पण घनता पाचपट केली की तो दर २५ पट होतो आणि सेकंदाच्या आत येतो. घट्ट ट्रॅपमध्ये काम करणाऱ्यांनी हे वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तपासून सगळं बरोबर, तरी उत्तर दोन वेळा वेगळं

कधी कधी असं होतं की गॅमा तोच, जे तोच, पण गळणारी साइट सुरुवातीला भरलेली घेतली तर एक उत्तर आणि रिकामी घेतली तर दुसरं. इथे लगेच बग शोधू नका. ओट यांच्याच ग्रुपने २०१६ मध्ये लॅटिसमधल्या एका साइटवर बीम लावून नेमकं हे दाखवलं, काही पॅरामीटरमध्ये ती साइट सुपरफ्लुइड प्रवाहाने भरलेलीपण टिकते आणि जवळजवळ रिकामीपण टिकते, कुठून सुरुवात केली त्यावर अवलंबून. म्हणजे बायस्टेबिलिटी. तपासायचं असेल तर गॅमा हळूहळू वर न्या आणि मग तसाच हळूहळू खाली आणा, जाताना आणि येताना ग्राफ वेगळ्या वाटेने गेला तर ती ही गोष्ट. हे इंटरॅक्शनशिवाय होत नाही, तर इंटरॅक्शन शून्य करूनही दोन उत्तरं येत असतील तेव्हा मात्र बग आहे.

आणि साइटवर दोनचारच अणू असतील तर जीपी (ग्रॉस-पिटाएव्स्की) इक्वेशनकडून, म्हणजे कंडेन्सेटचं सरासरी वर्णन करणाऱ्या समीकरणाकडून, फार अपेक्षा ठेवू नका, तिथे लिंडब्लाड किंवा क्वांटम जंपची, म्हणजे एकेक अणू जाणं हिशोबात घेणारी पद्धत लागते. फक्त नॉन-हर्मिशियन हॅमिल्टोनियन चालवून जंप सोडून दिले तर जे मिळतं ती "एकही अणू गेला नाही" याची शक्यता असते, सरासरी संख्या नाही, आणि या दोन गोष्टी एकच समजून काढलेले ग्राफ मी बरेच बघितलेत. १डी फर्मिऑनमध्ये (एका अवस्थेत एकच मावतो अशा कणांमध्ये) तर २०१९ च्या एका थिअरी कामाने दाखवलंय की फर्मी मोमेंटमजवळ (भरलेल्या अवस्थांतल्या सगळ्यात वरच्या मोमेंटमजवळ) इंटरॅक्शनच्या फ्लक्चुएशनमुळे गळती आपोआप दबते, गॅमा लहान असला तरी, तेव्हा तिथे वरचा एक्सवाला फॉर्म्युला जसाच्या तसा लावून जुळत नाही म्हणून कोड फेकून देऊ नका.

इतकं करूनही अडलात आणि कुणाला विचारणार असाल तर सोबत एवढं द्या: सगळ्यात मोठा गॅमा × डीटी किती, निम्म्या डीटीचा ग्राफ त्याच अक्षांवर, ग्रिडमधलं अंतर आणि बीमचा सिग्मा, दोन साइटच्या टेस्टमध्ये गॅमा २० आणि ४० ला आलेले दर, आणि माथ्याच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे घनतेचे दोन नकाशे. स्क्रीनवर मोबाइल धरून काढलेला फोटो नको, आकड्यांची फाइल द्या, शेपटीचा उतार फोटोवरून मोजता येत नाही.